वाशीमच्या विद्यार्थ्याने तेंडुलकर इंग्रजीत का वाचावेत?

इंग्रजी वाङ्मय हा विषय घेऊन पदवीपरीक्षेला बसणाऱ्या आणि घरी, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर अस्सल वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलामुलींना ‘अनुवादित भारतीय वाङ्मय’ या सदराखाली ‘सायलेन्स! द कोर्ट इज इन सेशन’ हे पुस्तक नेमले जावे, म्हणजे १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे आपल्याच भाषेतले नाटक त्यांना प्रिया आडारकरांच्या इंग्रजीतून वाचावे लागावे, यात वरवर पाहता आश्चर्य करण्यासारखे काही नाही. देशातील कितीतरी विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांत ते नाटक वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. आश्चर्य आहे ते वर्गात पुढे जे घडते त्याचे. प्राध्यापक इंग्रजी वाक्य वाचतात, त्याचा अर्थ मराठीत सांगतात, सुखात्मे वकिलाचा उसना आव आणि काशीकरांचा कान कोरीत कोरीत न्यायदान करण्याचा थाट समजावून देण्यासाठी पुन्हा मराठीचाच आधार घेतात. मुले ते मराठी विवरण वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारातून आणलेल्या मार्गदर्शिकेवरून तोच मजकूर इंग्रजीत घोकतात. मूळ नाटक त्याच ग्रंथालयात, दोन कपाटे ओलांडून, मराठीच्या फळीवर उभे असते. परंतु ते काढून वाचावे असे मुलांना कोणी सांगत नाही, कारण ते दुसऱ्या विषयाचे पुस्तक आहे.

ज्या तेंडुलकरांना आपण असे इंग्रजीत नेमतो, त्यांनी स्वतः गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ आणि मोहन राकेशांचे ‘आधे अधूरे’ मराठीत आणले होते, म्हणजे एक कानडी आणि एक हिंदी अशी त्या काळातील दोन अग्रगण्य नाटके त्यांनी मराठी नटांच्या तोंडी दिली होती, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांच्या कानांवर जात असेल याची मला शंका आहे. स्वतंत्र प्रतिभेच्या नाटककाराला दुसऱ्या भारतीय भाषेतील समकालीनाचे नाटक आपल्या भाषेत उतरवावेसे वाटले आणि त्यात त्याला आपला कमीपणा वाटला नाही, हा आधुनिक मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक अध्याय आहे. तो ना इंग्रजीच्या तासाला शिकवला जातो, ना मराठीच्या. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की आधुनिक भारतीय वाङ्मयाचा अभ्यास मराठी मुलखातील विद्यार्थ्याने मुख्यतः मराठी अनुवादांतून करावा, त्याची तजवीज मराठीच्याच अभ्यासक्रमात व्हावी, आणि ती करण्यास वाशीमसारखा आडवळणाचा समजला जाणारा जिल्हा इतर कोणत्याही जिल्ह्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, योग्य आहे.

यात इंग्रजीची निंदा करण्याचा हेतू नाही. यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ ही कादंबरी कानडीत १९६५ साली निघाली आणि ए. के. रामानुजन यांनी १९७६ साली ती इंग्रजीत आणली नसती, तर गुवाहाटीच्या आणि जयपूरच्या वर्गांत ती आज ज्या सहजतेने शिकवली जाते तशी शिकवली गेली नसती. आणि तो अनुवाद एका कवीने केलेला असल्यामुळे उत्तम वठला आहे हेही मान्य करावयास हवे. परंतु त्याच कादंबरीचा विषय काय आहे ते पाहा. अग्रहारात एक आचारभ्रष्ट ब्राह्मण मरतो, त्याला अग्नी कोणी द्यावा याचा निकाल लागत नाही, प्रेत पडून राहते, आणि ते उचलले जाईपर्यंत कोणाच्याही घरी चूल पेटू शकत नाही. या पेचाची धार परक्या वाचकाला जाणवावी म्हणून रामानुजनांना टिपा द्याव्या लागल्या, शेवटी विवेचन जोडावे लागले. रिसोडकडच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलीला त्यातील निम्म्याहून अधिक टिपांची गरज नाही. सुतक कशाला म्हणतात, प्रेत घरात असताना गावाचा व्यवहार कसा थांबतो, आणि खांदा कोणी द्यावा यावरून भाऊबंदकी कशी उसळते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. इंग्रजी पुस्तक मात्र तिला ते जणू एखाद्या दूरदेशीच्या जमातीचे वर्णन असावे अशा रीतीने टिपेत समजावून सांगते, आणि ती ते मुकाट्याने पाठ करते.

अर्थात या जवळिकीत एक धोकाही आहे आणि तो लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मराठीत आले की सारेच आपलेसे वाटू लागते. कर्नाटकातील माध्वांचा मठ, त्यांचा स्मार्तांशी असलेला दुरावा, मलनाडातील ती पावसाने भिजलेली सुपारीची बागाईत, यांपैकी काहीही वऱ्हाडातील कोरड्या, काळ्या जमिनीवर उगवलेले नाही, आणि अनुवाद फार सफाईदार झाला तर वाचकाला याचा विसर पडतो. शिक्षकाचे खरे काम इथे सुरू होते: कोठे आपण सारखे आहोत ते विद्यार्थी आपोआप ओळखतो, कोठे सारखे नाही हे त्याला दाखवून द्यावे लागते. इंग्रजीतून वाचताना सगळेच सारख्या अंतरावर उभे असल्यामुळे हा भेद करण्याचा प्रसंगच येत नाही.

वाशीमला हा विचार परका वाटू नये याला एक जुने कारण आहे. वत्सगुल्म या नावाने हे नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगराला जो मान दिला आहे त्याची पुरती कथा क्वचितच कोणी सांगतो. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो, त्याला बांधून आणण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते, आणि ती त्याच्या मागोमाग प्रथम पूर्वेकडील देशांत, मग पांचालात, मग अवंतीत आणि अखेर दक्षिणेत हिंडते. प्रत्येक मुलखात तिचा वेष पालटतो, नृत्याची तऱ्हा पालटते, आणि काव्यपुरुषाची बोलण्याची रीतीही पालटते. पूर्वेला तो लांबलचक समासांत बोलतो आणि तिच्याकडे फारसा वळत नाही; विदर्भात येईपर्यंत तो पुरता तिचा झालेला असतो, आणि वत्सगुल्मात त्यांचा गांधर्वविवाह होतो. राजशेखराचा पणजा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणून मिरवत असे, तेव्हा या निवडीत थोडा घरचा अभिमान असणारच. तो असो. आपण मात्र या कथेतील लग्नाचे ठिकाण तेवढे उचलले आणि प्रवास सोडून दिला. साऱ्या देशातील वेष, नृत्ये आणि रीती पाहून झाल्यावर जे लग्न लागते, त्याची फुशारकी मारणाऱ्या गावातील पदवीधराने बंगाली, कानडी वा तेलुगू लेखकाचे एकही पुस्तक न वाचता पदवी घ्यावी, हे राजशेखराला रुचले नसते.

याच वत्सगुल्माहून निघालेला आणि १९३९ साली उजेडात आलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट तर या दृष्टीने अधिकच बोलका आहे. त्यातील राजवंशाची प्रशस्ती संस्कृतात आहे, आणि दानाचा व्यवहारी मजकूर, म्हणजे गाव कोणाला दिले, कोणकोणत्या करांतून माफ केले, राजपुरुषांनी तेथे कोणता उपद्रव करू नये, हा भाग प्राकृतात आहे. सनद देणाऱ्या दफ्तराला दोन भाषा एकाच पत्र्यावर नांदवण्यात काही गैर वाटले नाही. थोरवी एकीत सांगितली, कामाचे दुसरीत. त्याच शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र अशा पुढच्या काळातील शास्त्रकारांनी, आणि तेही काश्मीर, माळवा, गुजरात अशा दूरदूरच्या मुलखांत बसून, त्याचे जे उल्लेख केले आणि जी उद्धरणे घेतली तेवढ्यावरूनच आपण त्याला ओळखतो. वाशीमच्या राजाचे काव्य वाशीमने गमावले आणि परमुलखातील वाचकांनी त्याची खूण राखली.

कारंज्याने मात्र नेमके याच्या उलट केले. तेथील जैन भांडारांत ज्या हस्तलिखितांचा सांभाळ शतकानुशतके झाला, त्यांत पुष्पदंत या दहाव्या शतकातील अपभ्रंश कवीचे ग्रंथ होते. आणि हा पुष्पदंत राहत होता राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड येथे. कन्नड मुलखाच्या राजधानीत बसून अपभ्रंशात लिहिणाऱ्या कवीच्या पोथ्या वऱ्हाडातील एका व्यापारी गावाने जतन केल्या. १९३१ साली प. ल. वैद्यांनी त्याचे ‘जसहरचरिउ’ कारंजा ग्रंथमालेत संपादून प्रसिद्ध केले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ असे आणखी अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले. भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक आजही कारंज्याचे नाव आदराने घेतात. ही भांडारे पाहिली की वाटते, या जिल्ह्याला दुसऱ्या भाषेतील पुस्तक आपल्या घरी ठेवण्याचे वळण पूर्वापार होते. खंड पडला तो अलीकडे.

आधुनिक काळातही मराठीने हे वळण सोडलेले नव्हते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि एका पिढीला शरद्बाबू हे आपल्याच आळीत राहणारे लेखक वाटू लागले. साने गुरुजींना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सहकारी भेटले, आणि त्या सहवासाची जी फळे निघाली त्यांत तिरुक्कुरळचा मराठी अनुवाद आणि पुढे आंतरभारतीची कल्पना ही दोन मोठी होत. उलट दिशेनेही वाहतूक होती: वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये आणि गोपाळराव विद्वांस यांनी गुजरातीत नेल्या, आणि तमिळ वाचकाने खांडेकरांना इतके आपले मानले की त्यासाठी इंग्रजीची मुखत्यारी कोणाला लागली नाही. मग साठोत्तर काळात हा ओघ आटला असे म्हणावे, तर उमा कुलकर्णींचे उदाहरण समोर येते. त्यांच्या कामाची रीत मला फार शिकवण्यासारखी वाटते. कानडी लिपीशी त्यांची सलगी नव्हती. पती विरूपाक्ष कुलकर्णी कानडी पुस्तक मोठ्याने वाचीत, ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेवीत, आणि त्या ते ऐकत ऐकत मराठीत उतरवीत. एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ या कादंबरीचा अनुवाद असा कानांतून झाला, आणि साहित्य अकादमीने १९८९ साली अनुवादासाठी पारितोषिके देण्यास आरंभ केला तेव्हा मराठीचे पहिले पारितोषिक त्यालाच मिळाले. भैरप्पांना कर्नाटकाबाहेर जो सर्वांत मोठा वाचकवर्ग लाभला त्यात मराठी वाचक अग्रभागी आहे, आणि त्याच्या मुळाशी एका घरातील हे रोजचे वाचणे-ऐकणे आहे. कानाने केलेल्या अनुवादात वाक्य बोलीच्या लयीत येते. डोळ्याने शब्दकोश चाळून केलेल्या अनुवादात ते पुष्कळदा अडखळते. हे विद्यार्थ्यांना दोन उतारे समोर ठेवून दाखवता येण्यासारखे आहे, परंतु त्यासाठी अनुवाद हा अभ्यासाचा विषय आहे असे प्रथम मानावे लागेल.

वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे तर या साऱ्या चर्चेचा सर्वांत जिवंत भाग मानोरा तालुक्यात आहे. पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीच्या सुमारास तेलंगणातून, आंध्रातून, कर्नाटकातून बंजारा बांधवांचे तांडेच्या तांडे येतात. आणि तेथे निजामाबादकडचा म्हातारा आणि मानोऱ्याकडची म्हातारी एकमेकांशी गोरबोलीत घटकाभर गप्पा मारतात, त्यांना दुभाष्या लागत नाही. त्यांच्या नातवंडांनी मात्र एकमेकांना पत्र लिहायचे म्हटले तर पंचाईत आहे, कारण एक तेलुगू लिपीत शिकला आणि दुसरी देवनागरीत. बोली एक आणि, कानडी धरून, लिप्या तीन, अशी ही अवस्था आहे; राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत ही बोली नाही आणि साहित्य अकादमी ज्या चोवीस भाषांना मान्यता देते त्यांतही नाही. आता पाहा: २०२४ सालचा अकादमीचा तेलुगूसाठीचा युवा पुरस्कार रमेश कार्तिक नायक या तरुण बंजारा लेखकाला ‘धावलो’ या कथासंग्रहासाठी मिळाला. तेलंगणातील तांड्यांवरच्या या कथा मानोऱ्याच्या तांड्यातील मुलीच्या हाती पडायच्या, तर त्या कोणत्या वाटेने याव्यात? इंग्रजी अनुवादाची वाट दिल्लीवरून जाते आणि शुल्कासह येते. मराठीची वाट सरळ आहे, आणि तिच्यावर अनुवादकाला साहाय्य करायला घरातली आजी बसलेली आहे, जिला त्या कथांतील लग्नाची गाणी, शिव्या आणि देवाधर्माचे शब्द कोणत्याही कोशापेक्षा जास्त ठाऊक आहेत. अशा अनुवादाचे पहिले वाचनही त्याच तांड्यात व्हावे, म्हणजे चुका तिथल्या तिथे कळतील.

आक्षेप येणारच. पहिला असा, की मराठीत उपलब्ध असलेले अनुवाद पुष्कळदा कच्चे असतात, आणि त्यांतील काही तर मूळ भाषेवरून न होता हिंदीवरून अथवा इंग्रजीवरून झालेले असतात. हे खरे आहे, आणि प्रकाशकांनी मुखपृष्ठाच्या आतील पानावर हे स्पष्ट छापावे अशी सक्ती असायला हवी असे माझे मत आहे. पण कच्चे अनुवाद इंग्रजीतही कमी नाहीत. तिथे आपल्याला ते ओळखू येत नाहीत, एवढाच फरक. दुसरा आक्षेप असा, की मराठीच्या प्राध्यापकाला कानडी किंवा बंगाली येत नाही, मग तो शिकवणार काय? इंग्रजीच्या प्राध्यापकालाही ती येत नाही, आणि त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. तिसरा आक्षेप नोकरीचा. इंग्रजीतून वाचले तर इंग्रजी सुधारते, इंग्रजी सुधारले तर पोट भरते, असे पालक म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र मार्गदर्शिका पाठ करून कोणाचे इंग्रजी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही, आणि ज्याला इंग्रजी सुधारायचे आहे त्याने तेंडुलकर सोडून डिकन्स वाचावा, त्याला कोण अडवतो?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि वाशीमपासून मुंबईपर्यंत अभिनंदनाचे ठराव झाले. त्याच निर्णयात प्राकृत भाषेलाही तो दर्जा मिळाला, ही गोष्ट सर्वसेनाच्या गावी तरी अधिक मोठ्याने सांगायला हवी होती. ठराव करणे सोपे असते. पण नव्या शैक्षणिक धोरणाने खुल्या वैकल्पिक विषयांची जी मुभा दिली आहे तिचा उपयोग करून मराठी अनुवादांतून भारतीय वाङ्मय शिकवणारी एक अभ्यासपत्रिका आखणे, हे काम एखाद्या अभिनंदनपर भाषणाइतके सोपे नसले तरी अशक्यही नाही. तिच्यात एक कानडी कादंबरी असावी, एक बंगाली, काही उर्दू किंवा हिंदी कथा, एखादे तेलुगू पुस्तक. आणि त्यांच्या जोडीला वाशीमच्याच नामदेव कांबळे यांची, १९९५ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवलेली, ‘राघववेळ’ ही मूळ मराठी कादंबरी ठेवावी, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले पुस्तक दुसऱ्या भाषेत न्यायचे झाले तर त्यातील कोणते शब्द अडतील याचा विचार वर्गात करता येईल. परीक्षेतील काही गुण प्रत्यक्ष अनुवादासाठी राखावेत: कारंज्याच्या किंवा मंगरूळपीरच्या उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाने दोन पाने उर्दूतून मराठीत आणावीत, तांड्यातील मुलीने आजीकडून ऐकलेली एक कथा गोरबोलीतून. त्याला मार्गदर्शिका निघणार नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

अमरावती विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळापुढे हा विषय यायचा असेल तर तो कोणीतरी लेखी मांडावा लागेल. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील मराठीच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून असा एक अर्ज करावा, त्यासोबत पुस्तकांची यादी जोडावी, आणि त्या यादीत प्रत्येक लेखकाच्या नावाखाली अनुवादकाचे नाव न चुकता लिहावे, अशी त्यांना माझी विनंती आहे.